आठ चाळीसची नोंद

"वैनी, हे बगा काय आलंय," म्हणत प्रल्हाद भाऊजींनी पत्र माझ्यापुढे धरलं. मी वाचलं, घडी घातली आणि परत त्यांच्या हातात दिलं.

"उद्या अकरा वाजता पुण्यात बोलावलंय," मी म्हटलं. "दिव्याच्या समितीनं."

"ते मला बी वाचता येतंय. करायचं काय आता?"

"मला काय माहीत."

खरंच माहीत नव्हतं. ह्यांना जाऊन आठवा दिवस होता. दाढ काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतात आणि मग गाल आपला असून आपला वाटत नाही, तसं माझं सगळंच झालं होतं. लोक यायचे, बसायचे, माझा हात हातात घ्यायचे. तो हात मी त्यांना दिलेला असायचा, पुस्तक वाचायला द्यावं तसा.

हे म्हणजे नंदकुमार मुसळे. इचलकरंजीत यंत्रमागांच्या शेडमधले चोक, स्टॅबिलायझर, मोटारी असली विजेची दुरुस्ती करायचे. आमच्याकडची वीज म्हणजे माहेरी आलेल्या मुलीचा मूड. लोडशेडिंग संपलं की गल्लीतले सगळे माग एकदम सुरू होतात. क्षणात दीडशे व्होल्ट, क्षणात तीनशे. चांगल्या कंपन्यांचे दिवे आठवड्यात उडायचे. मग शेडवाले परत त्या जुन्या चाळीस वॉटच्या लुकलुकत्या ट्यूबा लावायचे आणि तुटलेला धागा शोधता शोधता माणसांचे डोळे जायचे. ह्यांनी ठरवलं, असा एलईडी दिवा करायचा की जो अठरा वॉटमध्ये चाळिसाचा उजेड देईल आणि दीडशे-तीनशेच्या मारामारीत टिकेल. मी शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक. त्यामुळे घरात मोजमापाचं खातं आपोआप माझ्याकडे आलं.

कमी विजेत जास्त उजेड देणारे दिवे तयार करून ते बाजारात आणणाऱ्यांना सरकार मदत करतं, हे आम्हाला एका वर्तमानपत्रातून कळलं. अर्ज केला आणि तो मंजूर झाला, याचं आमच्यासकट सगळ्यांना आश्चर्य वाटलं. पहिल्या टप्प्यात नमुने करायचे. दुसऱ्या टप्प्यात सरकारच्या मदतीनं साचे तयार होणार आणि पाचशे मागशेडमध्ये दिवे लागणार. म्हणजे दिवा आमच्या मागच्या खोलीतून बाहेर पडणार. मधली अट एकच होती. चोवीस दिवे, लाइट गेली की इन्व्हर्टरवर, सलग तीन हजार तास जळत ठेवायचे आणि रोज सकाळी ठरलेल्या वेळी नोंद करायची. व्होल्ट किती, तापमान किती, उजेड किती, आणि खाली सही.

तीन हजार तास म्हणजे सव्वाशे दिवस. ते आठव्या दिवशीच सकाळी पूर्ण झाले होते.

"फोन करून सांगू त्यांना," मी म्हटलं. "काय झालंय ते."

भाऊजी माझ्यासमोर खाली बसले. सोळा मागांचा मालक, गडी तसा आडदांड, पण भाऊ गेल्यापासून आवाज पार बसला होता. "ते बी केलं मी. माझं नाव न सांगता विचारलं. अर्जदार आजारी असंल तर घरचं माणूस चालतंय. अर्जदार हयात नसंल तर प्रकल्प तिथंच बंद. नियम हाय त्यांचा."

"मग बंद."

"वैनी, अडीच वर्षं! दादानं जिवाचं रान केलंय. त्यावर असं पाणी सोडायचं?" त्यांनी पत्र खिशात घातलं. "दवाखान्यात हैत म्हणून सांगायचं. दुसरा टप्पा एकदा मंजूर होऊ दे, मग पुढचं पुढं. खोटं दिव्यात तर काही न्हाई ना? दिवा खराच हाय की."

मी "बरं" म्हटलं. त्या दिवसांत मी सगळ्यालाच बरं म्हणत होते. जेवायला चल म्हटलं की बरं, पड जरा म्हटलं की बरं.

"आणि वहीत आठ दिवसांच्या सह्या न्हाईत दादाच्या," ते हळूच म्हणाले. "त्या बी..."

"बरं."

दुपारी मी मागच्या खोलीत गेले. चोवीस दिवे जळत होते. भर दुपारी त्या खोलीत पांढरा लख्ख उजेड असायचा. वही उघडली आणि ह्यांची सही करायला लागले. 'नं. मुसळे', आणि खाली एक फरकाटा. चौदा तारीख, पंधरा, सोळा. शाळेच्या पगारपत्रकापासून बँकेपर्यंत कुठंही मी कधी कुणाची सही मारली नव्हती, पण हात जराही अडखळला नाही. उलट ह्यांच्यापेक्षा मीच बरी केली. ह्यांचा फरकाटा कायम रेषेबाहेर जायचा.

बाहेर आले तर सासूबाई दारात उभ्या होत्या. आठ दिवसांत त्या माझ्याशी चार वाक्यं बोलल्या असतील. त्यांच्या हातात रुमालात बांधलेलं काहीतरी होतं.

"प्रल्हादनं सांगितलं," त्या म्हणाल्या. "तसल्या कपाळानं गेलीस तर इचारतील."

रुमालात माझं मंगळसूत्र होतं आणि कुंकवाची डबी.

"आत्ती, हे..."

"गाडीत घाल. गल्लीत नको." त्यांनी रुमाल माझ्या हातात कोंबला. "माझ्या हातानं काढलं, माझ्याच हातानं देते. देवाला काय सांगायचं ते मी सांगीन."

सुतकात घराबाहेर पडायचं नाही हा त्यांचाच दंडक. पण पहाटे पाच वाजता गाडीपर्यंत सोडायला त्याच आल्या.

कराड मागे पडल्यावर मी गाडीतल्या आरशात बघून कुंकू लावलं. रस्ता खराब होता, टिकली जरा तिरकी गेली. पुसून परत लावली. भाऊजींनी एकदा बघितलं आणि पुण्यापर्यंत परत माझ्याकडे मान वळवली नाही.

समितीची खोली लहानशीच होती. लांबट टेबल, भिंतीवर मोठं घड्याळ, खिडकीत कूलर. समितीचे अध्यक्ष डॉ. केसकर म्हणजे साठीतला काटकुळा माणूस, हातात शिसपेन्सिल. शेजारी सबनीस मॅडम. त्या मंत्रालयातून आलेल्या, पुढ्यात नियमांची फाइल.

"मुसळे कुठे आहेत?" केसकरांनी विचारलं.

"दवाखान्यात आहेत," मी म्हटलं. "छातीत दुखत होतं."

यातला दुसरा भाग तर खरा होता.

"अरे! बरे आहेत ना आता?"

"आता दुखत नाही."

भाऊजींनी टेबलाखाली हात घट्ट दाबून धरले होते. मला मात्र काही झालं नाही. खोटं बोलताना घसा कोरडा पडतो म्हणतात. माझा पडला नाही.

"काळजी घ्यायला सांगा. फार तापट आहेत हो तुमचे मिस्टर," केसकर म्हणाले आणि हसले. "गेल्या वेळी माझ्याशी तासभर भांडले. म्हणे दोनशे तीस व्होल्टवर दिवा कसला तपासता? इचलकरंजीला या आणि दोनशे तीस व्होल्ट मला दाखवा, मी तुमचा सत्कार करतो!"

"आणि आपल्या चहाला काय म्हणतात, आठवतंय ना सर?" सबनीस मॅडम म्हणाल्या. "सरकारी खर्चातलं गरम पाणी."

मला हे माहीत नव्हतं. घरी येऊन ह्यांनी सांगितलं होतं, 'सगळं नीट झालं.' भांडणाचं अवाक्षर नाही, चहाचं नाही.

"अजून काय म्हणतात ते?" मी विचारलं.

भाऊजींनी चमकून बघितलं. पण केसकरांनी सांगितलं, की मुसळे बॅगेतून दिवा काढताना आधी तो शर्टाच्या टोकानं पुसतात. मॅडम म्हणाल्या, ते आमच्या शिपायाचा रेडिओ दुरुस्त करून गेले, पुढच्या वेळी आले की तो त्यांना सोडणार नाही. ती दोघं अगदी सहज बोलत होती. मुसळे असे आहेत, मुसळे तसे करतात, मुसळे आले की बघू.

मग प्रश्न सुरू झाले. सर्किटमध्ये हे का, ते का. मला सगळं येत होतं. एका वाक्यात संपणारं उत्तर मी पाच वाक्यांत द्यायला लागले. ह्यांनी तो भाग आधी कसा केला, तो कसा जळला, मग दुसरा कसा केला, वैतागून स्क्रू-ड्रायव्हर कसा फेकला. भाऊजींना वाटत होतं, वैनी काय हुशारीनं बोलायलीय! हुशारीबिशारी काही नव्हती. मला ती बैठक संपायला नको होती. आमच्या घरात, गल्लीत, शाळेत, सगळीकडे हे गेलेले होते. एवढ्या एका खोलीत ते अजून होते, तापट होते, चहाला नावं ठेवत होते. मी दिव्यासाठी आले असं भाऊजींना वाटत होतं आणि कागदोपत्री तेच खरं होतं. पण पुढं आयुष्यभर मला कुणी विचारलं असतं, तर सांगितलं असतं की त्या खोलीत मी ह्यांना भेटायला बसले होते.

केसकरांनी वही पुढे ओढली. पान न् पान बघायची त्यांची सवय असावी. पेन्सिल रकान्यावरून खाली खाली जात होती. भाऊजींनी दोनदा घाम पुसला. मॅडमनी मंजुरीचा कागद काढून ठेवलासुद्धा.

पेन्सिल थांबली.

"सव्वाशे दिवस नोंद बरोबर आठ वाजता आहे," केसकर म्हणाले. "एक मिनिट इकडेतिकडे नाही. मला फार आवडलं हे. पण चौदा तारखेला आठ चाळीस लिहिलंय. का?"

माझी सगळी तयारी होती. सर्किटची, दवाखान्याची, कुठला दवाखाना, कुठले डॉक्टर. ह्याची नव्हती. सह्या खोट्या करताना वेळेकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. आणि गेलं असतं तरी मी ती बदलली नसती, इतकी वर्षं प्रयोगशाळेत काढल्यावर ते माझ्याच्यानं झालं नसतं.

"लाइट गेलती, साहेब," भाऊजी घाईनं म्हणाले.

"लाइट गेली तर वहीत तसं लिहिलेलं असतं. आधी अकरा ठिकाणी लिहिलंय. इथे नाही." ते माझ्याकडे बघत होते. आवाजात संशय नव्हता, नुसती चौकशी होती. "उशीर का झाला?"

"त्या दिवशी सकाळी ते गेले," मी म्हटलं.

"कुठे गेले?"

"वारले. सहाला दहा कमी असताना. सात वाजता दवाखान्यातून घरी आणलं. आठ वाजले ते मला कळलं होतं. पण बायका अंगावर पडून रडत होत्या, उठता येईना. मग पाणी पिऊन येते म्हटलं आणि मागच्या खोलीत गेले. तेव्हा आठ चाळीस झाले होते."

सबनीस मॅडमची नजर माझ्या कपाळावर गेली आणि तिथंच राहिली. मग त्यांनी ती खाली फाइलवर नेली.

"साहेब, चूक माझी हाय," भाऊजी उभे राहिले. "वैनींना काय सुधरत नव्हतं, मीच त्यांना..."

"बसा तुम्ही," केसकर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "चौदा तारखेपासूनच्या नोंदी कुणाच्या?"

"माझ्या."

"आकडे?"

"खरे आहेत. सह्या खोट्या आहेत. काल दुपारी केल्या."

"आणि चौदाच्या आधीच्या नोंदी?"

"त्याही माझ्याच. हे पहाटेपर्यंत सर्किटला झाळ मारत बसायचे, नऊशिवाय उठायचे नाहीत. उठले की चहा घेता घेता सही करायचे."

"मग सही त्यांची का? नोंद घेणाऱ्यानं सही करायची, असं स्पष्ट लिहिलंय."

"अर्जावर एकाच नावाची जागा होती," मी म्हटलं. "आम्हाला वाटलं, वहीतही तेच नाव लागत असेल."

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "सर, नियम अकरा. अर्जदार हयात नसेल तर..."

"नियम मला पाठ आहे, मॅडम. मीच लिहिलाय." केसकरांनी मंजुरीचा कागद उचलून बाजूला ठेवला. भाऊजींनी डोळे मिटून घेतले. "मुसळ्यांच्या नावचा प्रकल्प आज बंद होईल. त्याला इलाज नाही. बाई, तुम्ही तुमच्या नावानं नवा अर्ज करा. ही चाचणी तुम्ही स्वतः केली असेल, तर हे तीन हजार तास तुमचे आहेत, ते परत जाळायला मी सांगणार नाही. पण ज्या सह्या तुम्ही खोट्या केल्या, त्या आत्ता माझ्यासमोर दुरुस्त करायच्या. आधीच्या राहू द्या, त्या त्यांच्या आहेत. त्याबद्दल तुमचा लेखी जबाब घेईन. मंजुरीचं मी वचन देत नाही."

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते, म्हणजे कुणाच्या मनाला रुखरुख नको. अर्ज सात महिन्यांनी मंजूर झाला. साचे झाले, पाचशे शेडमध्ये दिवे लागले, मग मालेगावहून, भिवंडीहून मागणी आली. भाऊजींनी आठ माग विकून त्या जागेत दिव्याचा कारखाना घातला. सहा-सात वर्षं चांगला चालला. नंतर बाजारात इतके स्वस्त दिवे आले की आमचा कुणी विचारेना. कारखाना बंद केला तेव्हा भाऊजी लहान मुलासारखे रडले. मला तितकं वाईट वाटलं नाही. वस्तूचे दिवस असतात, ते भरतात. सासूबाई तोवर राहिल्या नव्हत्या.

तर त्या दिवशी केसकरांनी वही माझ्यासमोर फिरवली आणि शाईचं पेन दिलं.

"खाडाखोड करायची नाही," ते म्हणाले. "खोडरबर नाही, पांढरी शाई नाही. चुकीचं असेल त्यावर फक्त एक आडवी रेघ. खाली काय होतं ते वाचता आलं पाहिजे. शेजारी तुमची सही."

"माहीत आहे," मी म्हटलं. शाळेत मुलांना मीच हे शिकवायची.

चौदा तारीख. वेळ आठ चाळीस. 'नं. मुसळे' आणि मी केलेला तो नीटनेटका फरकाटा. त्यावर मी रेघ मारली. सरळ आली. नाव खाली स्वच्छ दिसत होतं.

मग शेजारी सही करायला घेतली. चोवीस वर्षं मी जशी करत आले तशीच हातानं केली. शाळेच्या हजेरीपटावर, गॅसच्या पुस्तकावर, रजेच्या अर्जावर. 'सौ. अचला नं. मुसळे.'

पेन उचललं आणि मला ते दिसलं.

मॅडमनाही दिसलं. त्या काहीतरी बोलणार होत्या, पण केसकरांनी हात वर केला. भाऊजींनी मान खिडकीकडे वळवली.

घरात सगळे मला आठ दिवस तेच सांगत होते. बांगड्या काढल्या तेव्हा सांगितलं, तेल-मीठ नसलेलं ताट पुढं आलं तेव्हा सांगितलं. मी सगळ्यांना बरं म्हणत होते. पण कळलं मात्र मला तिथं, त्या टेबलावर, माझ्याच अक्षरात. हे गेले. परत यायचे नाहीत. दिव्याची वही बघायला नाहीत, चहाला नावं ठेवायला नाहीत, कशालाच नाहीत. छातीत एवढी जोराची कळ आली की मला वाटलं, ह्यांनाही अशीच आली असेल. दोन्ही हातांनी मी टेबलाची कड धरली.

मॅडमनी पाण्याचा ग्लास सरकवला. मी घेतला नाही, हात सोडवत नव्हते. किती वेळ गेला कोण जाणे. भिंतीवर घड्याळ होतं, पण त्या वेळेची नोंद माझ्याकडे नाही.

मग मी पेन घेतलं आणि 'सौ.' वर एक आडवी रेघ मारली. खाली काय होतं ते वाचता येईल अशी.

केसकरांनी वाकून बघितलं. पान उलटून माझ्यासमोर धरलं.

"सावकाश करा," ते म्हणाले. "अजून सात राहिल्यात."